वडिलांच्या बाकावर मार्थाबाई

रविवार सोडला तर पाद्री करतो काय, हा प्रश्न मला जन्मभर लोकांनी विचारला. न्हाव्याने दाढी करता करता विचारला, तलाठ्याने सातबारा देता देता विचारला.

"लोकांच्या घरी जातो," मी सांगायचो.

"जाऊन?"

"बसतो."

यावर समोरचा माणूस गंभीरपणे मान हलवायचा. मनात म्हणत असणार, बरी नोकरी आहे. पण धंद्याचं मर्म खरोखर तेवढंच आहे. आजाऱ्याजवळ बसायचं, प्रेताजवळ बसायचं, जिचं लग्न मोडलं त्या मुलीच्या बापाजवळ बसायचं, आणि होता होईतो कमी बोलायचं. बाप्तिस्मा, लग्नं, अंत्यविधी, रविवारचा उपदेश ही कामं शिकून येतात. बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली.

दुसरा एक प्रश्न हिंदू शेजारी हमखास विचारत. "तुमच्यात बायकांक बरोबरीचो मान असता म्हणे?" मी अभिमानाने हो म्हणायचो. आमच्या मुली शाळेत जात होत्या, नर्स होत होत्या, शिक्षिका होत होत्या. विधवेचं लग्न आमच्या देवळात उघड्यावर लागत होतं. देऊळ म्हणजे चर्चच, आम्ही त्याला देऊळच म्हणायचो. माझं ते 'हो' किती खरं होतं, हे मला ज्या बाईने दाखवलं तिची हकिकत सांगायला बसलो आहे.

पन्नासच्या दशकात मी घाटावरून वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, खाडीकाठच्या एका लहान मंडळीत पाळक म्हणून आलो. मंडळी म्हणजे गावातले सगळे ख्रिस्ती लोक. प्रॉटेस्टंट असल्याने आमच्यात मूर्ती नव्हत्या की मेणबत्त्यांचा थाट नव्हता. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका आणि मध्ये पेटी-तबला. मालवणी मला सुरुवातीला कळायची नाही. कोणी "माका बरा नाय" म्हणालं तर मी चौकशी करायच्या आधी माझी बायको विमल मागच्या दाराने पेज घेऊन निघालेली असायची. तिला ही भाषा पंधरवड्यात आली. पाळकाच्या बायकोला पगार नसतो, नेमणूक नसते, काम मात्र पाळकापेक्षा जास्त असतं. हे मी तेव्हाही बघत होतो, पण बघणं आणि त्यावर बोलणं यात आमच्या पिढीने बरंच अंतर ठेवलं होतं.

मंडळीचा कारभार एकटा पाळक बघत नाही. मंडळी आपल्यातल्या काही जणांना निवडते आणि त्यांना 'वडील' म्हणतात. तीस वर्षांचा असला तरी वडीलच. आमच्याकडे ते पाच होते आणि प्रभूच्या मेजाजवळ, म्हणजे ज्यामागे उभं राहून पाळक उपासना चालवतो त्या टेबलाजवळ, त्यांचं एक लांब बाक होतं. कोणाला मंडळीत घ्यायचं, कोणाला समज द्यायची, कोणाला प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवायचं, हे त्या बाकावर ठरे. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताने पकडलं जाण्याआधी शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण. भाकरीचा एक तुकडा, द्राक्षरसाचा एक घोट. इकडे द्राक्षं कुठली? विमल मनुका भिजवून रस काढायची. बाहेरच्याला वाटेल, एक तुकडा नाही मिळाला म्हणून काय बिघडलं? त्याने गावजेवणाच्या पंगतीतून सगळ्यांदेखत उठवलं गेल्याची कल्पना करावी.

पाचांमध्ये सगळ्यात मोठे शमुवेल मास्तर. शाळेचे हेडमास्तर, ताठ, स्वच्छ, खोटं म्हणून बोलायचे नाहीत. गावातले हिंदूसुद्धा भावाभावांच्या वाटण्यांत त्यांचा शब्द मानत.

आणि मार्थाबाई. मिशनच्या लहान दवाखान्यात ती नर्स होती. लग्न केलं नव्हतं, वय चाळिशीच्या पुढे, अंगाने थोराड, आवाज असा की होडीत बसून बोलली तर पलीकडच्या काठावर ऐकू जावा. तिची आई मिशनची बायबलबाई होती. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणं हे तिचं काम. वाचणारी बाई बघूनच अर्ध्या बायकांना धक्का बसायचा, असं मार्थाबाई सांगायची. कुठल्याही वाडीतून बाळंतपणाचं बोलावणं आलं की मार्थाबाई निघे. एका खोतांच्या घरी तिला आधी मागच्या पडवीत बसवलं, चहा करवंटीत दिला. बाळ आडवं होतं. संध्याकाळपर्यंत बाळ-बाळंतीण सुखरूप झाली आणि खोतांची म्हातारी स्वतः पितळेच्या कपात चहा घेऊन आली. मार्थाबाईने तो घेतला आणि म्हणाली, "करवंटीतलो गोड होतो." म्हातारी हसत सुटली. पुढे त्या घरातली सगळी बाळंतपणं मार्थाबाईनेच केली.

मी टायफॉइडने पडलो होतो तेव्हा वडिलांपैकी एकालाही उपदेश करायचा धीर झाला नाही. मार्थाबाई उभी राहिली. मेजामागे नाही, पायरीच्या खाली, कारण बाईने वर चढू नये असा रिवाज होता. विहिरीवर पाणी मागणाऱ्या ख्रिस्ताबद्दल ती बोलली. परजातीच्या, लोकांनी नावं ठेवलेल्या बाईशी तो भर दुपारी बोलत बसतो, आणि शिष्य परत येऊन बघतात ते त्यांना आवडत नाही. "शिष्यांना आवडलं नाही, पण विचारायचं धाडस कोणी केलं नाही," ती म्हणाली म्हणे. विमलने मला अंथरुणाशी येऊन तो उपदेश शब्दन् शब्द सांगितला. माझे उपदेश तिने कधी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

शमुवेल मास्तरांचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता. त्याची बायको रूथ इथे सासू-सासऱ्यांजवळ राहायची. वीस-बावीस वर्षांची, फार कमी बोलणारी मुलगी. एका सुट्टीत मुलगा घरी आला, आठवडाभर राहिला आणि आगबोटीने परत गेला. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं की रूथ सासर सोडून मार्थाबाईच्या घरी राहायला गेली आहे. मुलाने जाताना बापाला सांगितलं होतं की ती भांडून निघाली, सांगूनही थांबली नाही.

गावात बोलणं सुरू झालं. वडिलांच्या घरातलीच सून असल्याने मास्तरांनी प्रकरण स्वतःहून बाकापुढे आणलं. त्यांचा बाणाच तसा होता. दुसऱ्याच्या सुनेला जो नियम तोच आपल्या सुनेला. रूथला बोलावलं. ती आली, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून उभी राहिली. समोर पाच पुरुष आणि मी सहावा.

"तू घर का सोडलंस?" मास्तरांनी विचारलं.

ती गप्प.

"नवऱ्याबद्दल काही तक्रार आहे?"

ती जमिनीकडे बघत राहिली. दवाखान्याचा कंपाउंडर दानियल, तोही वडील होता, त्याने चांगल्या शब्दांत विचारून पाहिलं. मीही विचारलं. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. शेवटी ठरलं की कारण न देता घर सोडलं, म्हणून ती सासरी परत जाईपर्यंत तिने प्रभुभोजन घेऊ नये. निर्णय मास्तरांना दुसऱ्या कोणाकडून वाचून घेता आला असता. पण त्यांनी तो वाचला.

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार उजाडला. मी भाकरी मोडली, ताटं वडिलांच्या हाती दिली. पुरुषांच्या बाजूचं ताट मास्तर घेऊन गेले, बायकांच्या बाजूचं दानियल. रूथ शेवटच्या चटईवर भिंतीला टेकून बसली होती. पहिल्या चटईच्या टोकाला मार्थाबाई. तिने ताट घेतलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तुकडा न उचलता शेजारणीकडे दिलं. शेजारीण गोंधळली. मग तिनेही पुढे दिलं. तिसरीनेही. पेटी वाजत होती, गाणं चालू होतं, आणि ते ताट या हातातून त्या हातात जात जात मागपर्यंत गेलं. रूथपाशी पोचल्यावर तिने ते शेवटच्या बाईकडे दिलं. दानियल ताट घेऊन आला आणि ते माझ्यापुढे तसंच धरून उभा राहिला. एकही तुकडा उचललेला नव्हता.

त्या बायकांत विमल होती. सकाळी चुलीपुढे बसून तीच भाकरी तिने केली होती.

घरी आल्यावर मी विचारलं, "तूसुद्धा?"

ती ताटं धूत होती. "पंगतीत एकीला उठवलं तर बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरतो का?"

"तुमचं आधी ठरलं होतं?"

"नाही. मार्थाबाईने ताट पुढे दिलं तेव्हा कळलं की माझ्याही मनात तेच होतं."

संध्याकाळी मी मार्थाबाईकडे गेलो. ती अंगणात कोकमं सुकत घालत होती. रूथ आत होती. मी विचारलं, रूथने घर का सोडलं ते तुम्हाला माहीत आहे का?

"माका म्हायत आसा."

"मग सांगा मला. मी बाकापुढे मांडतो."

"ता माझा नाय. ता रूथचा." मग ती उठली, हात झटकले आणि सभेत बोलावं तशा शुद्ध मराठीत म्हणाली, "पाळकसाहेब, ती सांगेल तर बाईला सांगेल. तुमच्या बाकावर बाई आहे का?"

मी परत निघालो. ज्याला उत्तर सुचत नाही त्याने सभा बोलवावी, हा आमच्या धंद्यातला जुना उपाय आहे. मी सबंध मंडळीची सभा बोलावली. सभेत बायकांना मत होतं. आजवर त्या फक्त हात वर करत, कोणाचं नाव सुचवत नसत.

सभेच्या दिवशी देऊळ भरलं. पडवीत हिंदू शेजारीसुद्धा टेकले होते. मार्थाबाईने थेट मांडलं. रूथचा निर्णय चूक की बरोबर हे नंतर बघू, आधी बाकावर एक बाई हवी.

दानियल उठला. माणूस वाईट नव्हता, भीती शास्त्राची होती. "बायबलातल्या प्रेषिताच्या पत्रात लिहिलं आहे की बायकांनी मंडळीत गप्प राहावं."

"मग रविवारी गाणी कोण गातं?" मार्थाबाईने विचारलं. "आम्ही गप्प बसलो तर दानियलदादा, तुमचा एकट्याचा आवाज उरेल. तो ऐकून प्रेषित दुसरं पत्र लिहितील."

पुरुषांच्या बाजूलाही हसू फुटलं. मग ती गंभीर झाली. "ख्रिस्त उठला ही बातमी पहिल्यांदा कोणाच्या तोंडी दिली होती? पहाटे कबरेपाशी गेलेल्या बायकांच्या. त्या धावत शिष्यांकडे आल्या आणि शिष्यांना ती बडबड वाटली. त्या वेळी त्या गप्प राहिल्या असत्या, तर आज हे देऊळ नसतं."

दानियल एवढ्यावर बसणार नव्हता. "बरा. पण बाईक वडील कसा म्हणूचा? शब्दच बसना नाय."

शमुवेल मास्तर शांतपणे म्हणाले, "शब्दाचा प्रश्न नाही. या प्रकरणात अन्याय झाला असं बायकांना वाटतं. पण रूथला विचारलं होतं. सगळ्यांसमोर, नीट विचारलं होतं. ती बोलली नाही."

तेव्हा बायकांमधून एक म्हातारी उठली. मास्तरांची बायको येसूबाय. लिहिता-वाचता न येणारी, सभेत कधी तोंड न उघडणारी. विमलने हात पुढे केला, तो धरून ती बोलली.

"रूथ भांडान नाय गेली. मीच तिका मार्थाकडे धाडलंय."

मास्तरांनी मान वळवून बायकोकडे बघितलं.

"तिका दिवस गेले होते. कोणाक म्हायत नव्हता, माका म्हायत होता. मास्तर शाळेत होते. माझ्या झिलान, तिच्याच नवऱ्यान, पोटार लाथ मारल्यान. पोर गेला. मी न्हाणीत रगत धुतलंय ह्या हातांनी." ती थांबली. "रूथन काल माका म्हटल्यान, आये, तू सांग. म्हणान सांगतंय. तुमी म्हणतास ती बोलूक नाय. कसा बोलतली? फुडे पाच बापये, आणि तेतूर तिचो सासरो. बायलमाणसान ह्या बापयांका कसा सांगूचा?" मग तिने दानियलकडे बघितलं. "वडील म्हणूक जमना नाय तर आये म्हण रे. मी मार्थाचा नाव सांगतंय."

ती खाली बसली. रूथने तोंड तिच्या खांद्यात लपवलं होतं.

मास्तर उठले. मला वाटलं ते बाहेर निघून जाणार. पण ते बायकांच्या बाजूला गेले. त्या देवळात कोणी पुरुष तिकडे पाऊल टाकत नसे. रूथसमोर ते चटईवर बसले, धोतराचा सोगा सावरायचंही त्यांना भान नव्हतं.

"मुली," ते म्हणाले, "तू माझ्या घरात होतीस आणि मला दिसलं नाही. मग तुला न्याय द्यायला बसलो. माझं चुकलं."

रूथने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. बाकापुढे उभी असताना तिने एकदाही बघितलं नव्हतं.

ते तसेच बसल्या जागेवरून माझ्याकडे वळले. "येसूने नाव सुचवलं. माझं अनुमोदन."

हात वर झाले. बायकांचे सगळे, पुरुषांचेही बरेचसे. दानियलचा हात वर निघाला, मध्येच थांबला, डोकं खाजवून खाली आला. मी त्याचं मत तटस्थ धरलं.

नवीन वडिलांच्या डोक्यावर आधीचे वडील हात ठेवून प्रार्थना करतात. मार्थाबाई गुडघे टेकून बसली. पहिला हात मास्तरांचा होता. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा देऊ केला. स्वतःचं घर ज्याला दिसलं नाही त्याने मंडळी काय बघावी, असं त्यांचं म्हणणं. मार्थाबाईने तो घेऊ दिला नाही. "चुकलं म्हणणारो बापयो पयलोच गावलो," ती म्हणाली. "तेका सोडूचा नाय."

आमच्या सगळ्या मंडळ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या सभेने मला घाटावर बोलावून जाब विचारला. एक वृद्ध मिशनरी साहेब कळवळून म्हणाले, अजून वेळ आलेली नाही. मी म्हणालो, आमच्याकडे ती आली, काय करणार? त्यांनी फार ताणलं नाही. तिथला मिशनचा मोठा दवाखाना एक परदेशी डॉक्टरीणबाई चालवायच्या, त्यांच्या हाताखाली पुरुष डॉक्टर होते. त्यांनी सबंध हकिकत माझ्याकडून ऐकली. मग म्हणाल्या, "माझ्या गावच्या देवळात मला अजून त्या बाकावर बसता येत नाही."

रूथ सासरी परत गेली नाही. कोणी तिला जा म्हटलंही नाही. मास्तर रोज शाळा सुटल्यावर मार्थाबाईच्या ओटीवर जायचे आणि सुनेला इंग्रजी-गणित शिकवायचे. येसूबाय बाजूला बसून वाती वळल्यासारखी नुसतीच बोटं चाळवत ऐकायची. रूथ नर्सिंगला लागली, उत्तम नर्स झाली. नवऱ्याला बाकापुढे बोलावलं होतं. तो वर्षानुवर्षं आला नाही. त्या काळी आमच्या कायद्यात बाईला अशा लग्नातून सुटणं जवळजवळ अशक्य होतं, त्यामुळे कागदोपत्री ती त्याचीच बायको राहिली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण ती ताठ मानेने जगली, आणि सासू-सासऱ्यांना शेवटच्या आजारात तिनेच पाहिलं.

मला एक खंत आहे. मार्थाबाईचं खरं स्थान मेजामागे, पाळकाच्या जागी होतं. शास्त्र तिला माझ्याहून चांगलं कळायचं, आणि बसणं तर तिला आईच्या पोटातूनच येत होतं. पण त्या काळात बाईला पाळक करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तिच्याही मनात आलं असेल की नाही, मी कधी विचारलं नाही.

ती बाकावर आल्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट सांगतो. आमची बैठक चालू होती. दारात पलीकडच्या कोळीवाड्यातली एक हिंदू बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपली, डोळे सुजलेले.

"ती न्याव करणारी बाय हयंच बसता मां?"

दानियल म्हणाला, "अगो, तू आमच्या मंडळीतली नाय."

मार्थाबाई उठली. तिने बाईच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली, आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमी सगळे वायच भायर बसा."

आम्ही, पाच पुरुष वडील आणि सहावा मी, मुकाट्याने बाहेर आलो. देवळामागे उंडीचं झाड होतं, त्याच्या सावलीत चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर ओळीने बसलो. मागे दार लागलं. खाडीला भरती येत होती. आतून रडणं ऐकू आलं, मग मार्थाबाईचा आवाज, पण इतका हळू की शब्द कळेना. त्या आवाजाला हळू होताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"काय असात हो?" दानियलने विचारलं.

"आपल्याला जेवढं कळायला हवं तेवढं ती सांगेल," मास्तर म्हणाले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

ऊन कलेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मग दार उघडलं.

"मास्तर, तुमी माझ्यावांगडा कोळीवाड्यात चला, तिच्या सासऱ्याशी बोलूचा आसा," मार्थाबाई म्हणाली. "दानियलदादा, दवाखान्यातसून मलम घेवन येवा. पाळकांनू, विमलक सांगा, रातच्याक जेवक ही आणि मी, दोन मान्सां जास्त आसत."

काय झालं म्हणून कोणी विचारलं नाही. दानियल सगळ्यात आधी उठला.